हानलेच्या उत्तर क्षितिजावरचा लाल प्रकाश : १०–११ मे २०२४ च्या भूचुंबकीय वादळाचा प्रकरण अभ्यास

१० मे २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री १० वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला सौरवाऱ्याचा जबर धक्का बसला. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून आधीच्या दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ एक सीएमई, म्हणजे प्रभामंडलातून उसळलेले चुंबकित प्लाझ्माचे लोट, सुटले होते. ते पृथ्वीजवळ आले तेव्हा एकमेकांत मिसळलेले होते. वादळाची तीव्रता शून्य ते नऊ अशा श्रेणीत सांगणारा केपी निर्देशांक ९ या कमाल पातळीला गेला. वादळात विषुववृत्तालगतचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं ते सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्याही खाली घसरला; एवढी खोल घसरण नोव्हेंबर २००३ नंतर झाली नव्हती.

त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथल्या सर्वाकाश कॅमेऱ्यांनी उत्तरेच्या क्षितिजालगत लाल प्रकाश टिपला. तो 'सार' पट्टा, म्हणजे स्थिर लाल ध्रुवीय पट्टा, असल्याचं सगळीकडे सांगितलं गेलं. छायाचित्रं खरी आहेत आणि प्रकाशही खरा आहे. पण ६३०.० नॅनोमीटरची लाल रेषा उजळण्याची कारणं एकाहून अधिक असतात, आणि फोटोतला लाल रंग त्यांपैकी कोणतं ते सांगत नाही. ते ठरवायला आधी भूमिती लागते, मग घड्याळ, मग आयनांबराची, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराची, उंची. या लेखात तोच क्रम ठेवला आहे.

एकच रेषा, तीन उगम

लाल रेषा ऑक्सिजनच्या उत्तेजित अणूपासून येते. या अवस्थेला लागणारी ऊर्जा १.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि प्रकाश सोडेपर्यंतचं सरासरी आयुष्य साधारण ११० सेकंद. अणूच्या हिशेबात हा काळ फार मोठा आहे. हवा दाट असली तर तेवढ्या वेळात नायट्रोजनच्या रेणूंशी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते आणि प्रकाश पडतच नाही. त्यामुळे २०० किमीच्या खाली ही रेषा झपाट्याने मंदावते.

पहिला उगम म्हणजे रोजचा एअरग्लो, वरच्या हवेची स्वतःची मंद प्रभा. ऑक्सिजन अणूचा आयन ऑक्सिजनच्या रेणूला भेटतो, विद्युतभार रेणूकडे जातो, तो रेणू-आयन इलेक्ट्रॉन पकडून फुटतो आणि त्यातून उत्तेजित अणू मिळतो. ही क्रिया २५० किमीच्या आसपास सर्वाधिक होते. शांत रात्री तेजस्विता काही दहा रेलेंपासून काही शे रेलेंपर्यंत असते. (एक रेले म्हणजे एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या उभ्या स्तंभातून दर सेकंदाला सर्व दिशांना मिळून दहा लाख फोटॉन.) या क्रियेला आयन आणि रेणू दोन्ही एकाच उंचीवर असावे लागतात, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा उगम खरा ध्रुवीय प्रकाश : चुंबकीय रेषांवरून खाली येणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उंचावरच ऑक्सिजनवर आदळतात. तिसरा सार पट्टा. वादळात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारित कणांच्या वलय-प्रवाहातली उष्णता प्लाझ्मास्फिअरच्या, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या थंड प्लाझ्माच्या आवरणाच्या, कडेवरून चुंबकीय रेषांमार्गे खाली उतरते. साधारण ४०० किमीवरचे इलेक्ट्रॉन ३,००० केल्विनच्या वर तापतात आणि त्यांतले वेगवान इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला १.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट देऊ शकतात. हिरव्या ५५७.७ नॅनोमीटर रेषेला ४.१९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तेवढी मजल बहुतेक इलेक्ट्रॉन मारत नाहीत. म्हणून सार पट्टा निव्वळ लाल असतो. तो सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण मंद लाल प्रकाशाला आपला डोळा फारसा दाद देत नाही.

इथूनच एक सोपा पण चुकीचा निष्कर्ष निघतो : हिरवा दिसला नाही, म्हणजे सार पट्टाच.

भूमिती : क्षितिजाखाली काय काय लपतं

हानले ३२.८° उत्तर अक्षांशावर, ७९° पूर्व रेखांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. भूचुंबकीय अक्षांश, म्हणजे चुंबकीय ध्रुवांच्या संदर्भात मोजलेला अक्षांश, साधारण २४.५°. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर प्रकाशाची उंची आणि क्षितिजापासूनचा कोन यांवरून तो कोणत्या अक्षांशावर आहे हे कागदावर काढता येतं. पृथ्वीची त्रिज्या भागिले (त्रिज्या अधिक प्रकाशाची उंची), गुणिले उंची-कोनाचा कोसाइन. या संख्येचा व्यस्त कोसाइन घ्या आणि त्यातून उंची-कोन वजा करा. उरतो तो प्रकाशापर्यंतचा कोन, भूपृष्ठावर मोजलेला.

आता हिरवा प्रकाश घेऊ. ध्रुवीय प्रकाशातला हिरवा पट्टा ११० किमीच्या आसपास असतो. हानलेहून ५° उंचीवर पाहिलं तर ११० किमीवरचा बिंदू ६.७° दूर, म्हणजे ३९.५° उत्तरेला येतो. अगदी सपाट क्षितिजापर्यंत पाहता आलं तरी मर्यादा १०.६°, म्हणजे ४३.४° उत्तर. त्यापलीकडचा ११० किमीवरचा हिरवा प्रकाश कितीही प्रखर असला तरी तो हानलेच्या क्षितिजाखालीच राहतो. शिवाय डोंगर आडवे येतात ते वेगळंच. म्हणून हिरव्याची अनुपस्थिती इथे पुरावा म्हणून चालत नाही. हाच युक्तिवाद ५५° अक्षांशावरच्या वेधशाळेत बऱ्यापैकी टिकेल, हानलेत नाही.

आता लाल. सार पट्टा प्लाझ्मास्फिअरच्या सीमेशी बांधलेला असतो. मोठ्या वादळात ही सीमा आत सरकते आणि चुंबकीय रेषेचं एल-मूल्य २ च्या आसपास येतं. म्हणजे ती रेषा विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून दोन त्रिज्यांवर असते. एल २ म्हणजे ४५° भूचुंबकीय अक्षांश, आणि हानलेच्या रेखांशावर तो सुमारे ५३.५° उत्तर भौगोलिक अक्षांशावर पडतो, हानलेपासून २०.७° दूर. तिथे ४०० किमीवर असलेला पट्टा हानलेहून क्षितिजाखाली जातो. ६०० किमीवर असेल तर फक्त ३.५° वर दिसेल. याच ठिकाणी १,००० किमीपर्यंत चढलेले ध्रुवीय प्रकाशाचे स्तंभ असतील तर त्यांचा माथा ११° वर येईल.

उलट दिशेने : ४०० किमीवरचा सार पट्टा हानलेहून १०° उंचीवर दिसायचा असेल तर तो सुमारे ४५° उत्तर भौगोलिक अक्षांशावर, म्हणजे एल १.५ च्या आसपास हवा. एवढा आत आलेला सार पट्टा ही असामान्य मागणी आहे. त्यामुळे प्रकाशाचा उंची-कोन मोजल्याशिवाय नाव देणं घाईचं ठरतं. ३–४ अंशांवरची मंद, रुंद, तासभर न हललेली पट्टी सार पट्ट्याच्या बाजूने जाते. १०° पर्यंत चढणारा, उभे स्तंभ असलेला किंवा काही मिनिटांत बदलणारा प्रकाश उंच ध्रुवीय प्रकाशाच्या बाजूने जातो.

कोन मोजायला वेगळं उपकरण लागत नाही. त्याच चित्रातले ओळखीचे तारे घ्या, चित्राच्या वेळेसाठी त्यांचे दिगंश आणि उंची काढा आणि भिंगाचं समीकरण त्यावर बसवा. क्षितिजाजवळ मत्स्यनेत्र भिंगाची विकृती सर्वाधिक असते, म्हणून १५° खालचे किमान सात-आठ तारे त्यात असायलाच हवेत. फक्त खस्वस्तिकाजवळच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या, ताऱ्यांवर बसवलेलं समीकरण क्षितिजाशी दोन-तीन अंश सहज चुकतं, आणि इथे सगळा निकाल त्या दोन-तीन अंशांवर आहे.

मध्यरात्रीचं ऊन

मे महिन्याची एक खास बाब या प्रकरणात बहुधा दुर्लक्षित राहते. १० मेला सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, सुमारे १७.७° उत्तर होती. ५३.५° उत्तर अक्षांशावर स्थानिक मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली फक्त १८.८° असतो. पृथ्वीची सावली तिथे साधारण ३६० किमीपर्यंतच पोहोचते, त्यावर मध्यरात्रीही ऊन असतं. म्हणजे त्या अक्षांशावरचा, हानलेहून दिसू शकणारा सगळा उंच थर उन्हात न्हाललेला होता.

उन्हातले नायट्रोजन रेणू-आयन सूर्यप्रकाशाचं अनुनादी विकिरण करतात आणि ३९१.४ व ४२७.८ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या पट्ट्या देतात. लालात ते मिसळले की वरचा भाग गुलाबी-जांभळा दिसतो. सार पट्ट्यात हा निळा घटक नसतो. हिरवा क्षितिजाखाली लपू शकतो, पण हा निळा उंचावरच असतो आणि लपत नाही. म्हणून हानलेसाठी खरा भेद करणारी गाळणी ४२७.८ ची आहे. रंगीत कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये निळ्या चॅनेलमधली उत्तर-दक्षिण तफावत पाहिली तरी प्राथमिक अंदाज येतो. जेपीईजी मात्र चालणार नाही, त्यातला पांढरा समतोल मूळ प्रमाण बिघडवतो.

घड्याळ

हानलेची सौर मध्यरात्र त्या दिवशी भारतीय वेळेनुसार १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास होती. अमावास्या ८ मेला झाली होती, त्यामुळे चंद्रकोर लवकर मावळलेली. पहाटेचं संधिप्रकाश-पर्व पावणेचारला सुरू झालं. डीएसटीचा तळ मात्र ११ मेच्या सकाळी साडेसात-साडेआठच्या सुमारास आला, तेव्हा हानलेत लख्ख उजाडलं होतं. म्हणजे वादळाचा सर्वांत जोरदार टप्पा भारताच्या आकाशात कोणत्याही प्रकाशमापकाला दिसलाच नाही. हानलेच्या चित्रांवर 'उणे ४०० च्या वादळाचा प्रकाश' असं शीर्षक देणं म्हणूनच बरोबर नाही. ती चित्रं डीएसटी अजून खाली घसरत होता तेव्हाची आहेत.

हाताशी उरते सुमारे पाच तासांची खिडकी, साडेदहा ते पावणेचार. या पाच तासांत डोक्यावरच्या एअरग्लोचं काय होतं, ते वेगळं पाहावं लागतं.

आयनांबर वर जातं, लाल मंदावतं

वादळ आलं की एअरग्लो वाढणार, ही अपेक्षा स्वाभाविक वाटते, पण कित्येकदा उलट घडतं. ध्रुवीय प्रदेशात विद्युतप्रवाह थर्मोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विरळ थराला, तापवतात. याला जूल तापन म्हणतात. तापलेली हवा फुगते आणि विषुववृत्ताकडे लाट निघते. अशा मोठ्या लाटांचा वेग ६०० ते ८०० मीटर प्रति सेकंद. ६०° अक्षांशापासून हानलेपर्यंत सुमारे ३,००० किमी. ७०० मीटरच्या वेगाने ७० मिनिटं. धक्का १०:३५ ला, तापन जमायला आणखी पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे पहिली लाट हानलेच्या डोक्यावर मध्यरात्रीच्या आसपास अपेक्षित.

या लाटेबरोबरचा दक्षिणेकडे वाहणारा वारा आयनांना तिरप्या चुंबकीय रेषांवरून वर ढकलतो. हानलेत रेषांचा नतिकोन, म्हणजे क्षितिजपातळीशी होणारा कोन, साधारण ५०° आहे. वारा २०० मीटर प्रति सेकंद असेल तर उभा वेग कोसाइन गुणिले साइन, म्हणजे सुमारे ९८ मीटर प्रति सेकंद येतो. दहा मिनिटांत थर ५९ किमी वर. आता १,००० केल्विनला ३०० किमीवर ऑक्सिजन रेणूंची प्रमाण-उंची २९ किमी आहे. तेवढं वर गेलं की रेणूंची घनता २.७ पटींनी घटते. ६० किमी वर गेलेल्या आयनांना तिथे रेणू आधीच्या एक-अष्टमांशच भेटतात. आयन तेवढेच आहेत, पण लाल प्रकाश कोसळतो. प्रत्यक्षात थराची खालची बाजू मागे राहते आणि प्लाझ्मा गुरुत्वाने परत घसरतो, म्हणून घट इतकी तीव्र नसते. दिशा मात्र हीच.

त्याआधी काही मिनिटांत पोहोचणारा दुसरा परिणाम आहे : ध्रुवीय प्रदेशातून थेट शिरणारं विद्युतक्षेत्र. रात्रीच्या बाजूला ते बहुधा पश्चिमेकडे असतं आणि कमी अक्षांशांवर थराला खाली ढकलतं. थर खाली आला की रेणू मुबलक मिळतात आणि लाल उजळतं. म्हणून एकाच रात्री आधी उजळणं, मग मंदावणं, मग लाट ओसरताना पुन्हा उजळणं असा क्रम येऊ शकतो. नुसती तेजस्वितेची आलेखरेषा पाहून वादळाची तीव्रता काढायला गेलं की हमखास फसगत होते.

तपासणीसाठी आयनोसोंड, म्हणजे रेडिओ लहरी वर सोडून आयनांबराची उंची मोजणारं यंत्र, हवं. थराची आभासी तळ-उंची दर पंधरा मिनिटांनी मिळाली तरी पुरते. उंची वाढली आणि लाल घटलं, किंवा उंची घटली आणि लाल वाढलं, तर तो एअरग्लो. उंची जागच्या जागी आणि तरीही उत्तरेला लाल वाढलं, तर उगम दुसरा.

आणखी एक तपासणी फुकट मिळते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एअरग्लो कॅमेरे कोल्हापूरसारख्या १६.७° उत्तर अक्षांशावरच्या ठिकाणीही चालवले गेले आहेत. तिथून ५° उंचीवर ६०० किमीवरचा बिंदू जेमतेम ३६° उत्तरेला येतो. ध्रुवीय प्रकाश किंवा सार पट्टा त्या नजरेत येणं जवळजवळ अशक्य. त्या अक्षांशावर वादळरात्री लाल कमी-जास्त झालं तर ते एअरग्लोचंच. म्हणजे अशा ठिकाणची नोंद हानलेच्या नोंदीसाठी तुलनेचा आधार होते. मात्र तिथे चुंबकीय रेषांलगत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे दिसतात, ते प्लाझ्मा बुडबुडे, म्हणजे आयनांबरातले प्लाझ्मा विरळ झालेले भाग. त्यांना लाटेची दरी समजू नये. बुडबुडे पूर्व-पश्चिम सरकतात, लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे.

मापनात कुठे चुकतं

क्षितिजाजवळचा एअरग्लो मुळातच उजळ दिसतो, कारण तिरप्या नजरेत थराची जाडी वाढते. २५० किमीच्या थरासाठी १०° उंचीवर ही वाढ खस्वस्तिकाच्या ३.१ पट, ९७ किमीच्या हिरव्या एअरग्लो-थरासाठी ४.१ पट. हवेतलं शोषण त्यातून काही कापून घेतं. ही वाढ चारही दिशांना सारखी असते. म्हणून उत्तरेच्या चित्रातून त्याच उंचीचा दक्षिणेचा भाग वजा करणं ही पहिली पायरी. ती टाळली तर शांत रात्रीही क्षितिजावर 'लाल पट्टा' सापडतो.

गाळणीचा घोळ त्याहून वाईट. ६३०.० साठी साधारण २ नॅनोमीटर रुंदीची व्यतिकरण गाळणी, म्हणजे प्रकाशाचा तेवढाच अरुंद पट्टा आत सोडणारी काच, वापरतात. किरण तिरपा आला की तिचं केंद्र निळ्याकडे सरकतं. प्रभावी अपवर्तनांक २ धरला तर ३° ला ०.२ नॅनोमीटर, १०° ला तब्बल २.४ नॅनोमीटर. म्हणजे मत्स्यनेत्र भिंगापुढे नुसती गाळणी लावली तर चित्राच्या कडेला आपण ६३०.० पाहतच नाही. शेजारच्या हायड्रॉक्सिल रेषा मात्र आत येतात, आणि त्या ८७ किमीवरच्या असतात. गाळणीवर किरण जवळजवळ समांतर पडतील अशी टेलिसेंट्रिक रचना म्हणूनच आवश्यक. सोबत ६२० नॅनोमीटरच्या आसपासची रेषाविरहित पार्श्वभूमीची गाळणी हवी, ताऱ्यांचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा वाटा वजा करायला.

उद्भासन (एक्स्पोजर) ६० ते १२० सेकंद ठेवलं तर पुरतं. अणूच्या ११० सेकंदांच्या आयुष्यामुळे ७०० मीटर वेगाच्या लाटेची खूण तशीही ७७ किमीवर पुसट होते. याहून कमी उद्भासनाने लाल रेषेत बारकावे वाढत नाहीत, फक्त गोंगाट वाढतो. हिरव्यासाठी हे लागू नाही, त्या अवस्थेचं आयुष्य सेकंदाहूनही कमी आहे. अंधाऱ्या फ्रेम, म्हणजे भिंग झाकून घेतलेली चित्रं, दर तासाला घ्याव्यात. वादळाच्या रात्री त्या वगळण्याचा मोह होतो, पण सेन्सरचं तापमान पहाटेपर्यंत उतरत जातं आणि संध्याकाळची अंधारी फ्रेम पहाटेच्या चित्राला लागू पडत नाही.

तीच उष्णता, उपग्रहांच्या वाटेवर

ज्या तापनाने एअरग्लोचा थर हलला, त्यानेच उपग्रहांची कक्षाही खाली ओढली. गणित सोपं आहे. वर्तुळाकार कक्षेतली रोजची घट म्हणजे घनता गुणिले उपग्रहाचा ओढ-गुणक (ओढ-सहगुणक गुणिले क्षेत्रफळ भागिले वस्तुमान) गुणिले वेग गुणिले कक्षेची त्रिज्या गुणिले ८६,४०० सेकंद. ५०० किमीवर घनता १०⁻¹² किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि ओढ-गुणक ०.०२ चौरस मीटर प्रति किलोग्रॅम घेतला तर दिवसाला ९० मीटर. घनता तिप्पट झाली तर २७० मीटर.

उंचीतली ही घट किरकोळ वाटते. खरा फटका कक्षेच्या दिशेने बसतो. खाली आलेला उपग्रह वेगाने फिरतो आणि फरक वेळेच्या वर्गाने साठत जातो. ९० मीटर प्रतिदिनाला चोवीस तासांत सुमारे ६.५ किमी, २७० ला १९.४ किमी. घनता जुनीच धरून भाकीत केलं असेल तर उपग्रह अपेक्षित जागेच्या १३ किमी पुढे सापडतो, १.७ सेकंद आधी. टकरीचे इशारे काही शे मीटरच्या अंतरावरून ठरतात, त्यापुढे ही चूक फार मोठी आहे. त्यात या वादळात जवळपास ५,००० उपग्रहांनी उंची परत मिळवायला थोड्याच काळात इंजिनं चालवली, त्यामुळे सगळ्यांच्याच कक्षांची भाकितं एकदम शिळी झाली.

वादळ मोठंच असावं लागतं असंही नाही. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गमावले गेले. तेव्हाचं वादळ किरकोळ वर्गातलं होतं. उपग्रह २१० किमीपर्यंत खाली येणाऱ्या प्रारंभिक कक्षेत होते आणि ओढ आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढली, तेवढं पुरलं.

हवेच्या घनतेची प्रारूपं वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केपी ९ वर थांबतो. केपीवरूनच काढलेल्या एपी निर्देशांकावर चालणाऱ्या एमएसआयएस कुळातल्या प्रारूपांना डीएसटी उणे ४०० आणि उणे ६०० यांतला फरक त्या टोकाला कळत नाही. जेबी२००८ हे प्रारूप डीएसटी वापरतं, म्हणून मोठ्या वादळात ते हाताशी ठेवावं.

वादळ ओसरतानाचं भाकीत बहुतेकदा आणखी चुकतं. तापन चालू असताना थर्मोस्फिअरमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढतो आणि तो ५.३ मायक्रोमीटरवर उष्णता अवकाशात फेकतो. टाइमड उपग्रहावरचं सेबर हे उपकरण २००२ पासून हे उत्सर्जन मोजत आलं आहे. तापन थांबलं तरी नायट्रिक ऑक्साइड लगेच संपत नाही, त्यामुळे घनता वादळाआधीच्या पातळीच्याही खाली जाऊ शकते. वादळानंतरच्या दिवशी वाढीव घनताच चालू ठेवणारा कक्षा-गणक मग उपग्रह प्रत्यक्षापेक्षा पुढे दाखवतो, आधीच्या दिवसाच्या अगदी उलट. लाल एअरग्लोही लगेच पूर्ववत होत नाही : वर आलेल्या रेणूंमुळे ऑक्सिजन अणू आणि नायट्रोजन यांचं गुणोत्तर मध्य अक्षांशांवर घटलेलं असतं, आयन लवकर संपतात आणि मध्यरात्रीपर्यंत प्रकाश द्यायला पुरेसे उरत नाहीत. म्हणून १०–११ मेची चित्रं शांत रात्रीशी ताडायची असतील तर १२ किंवा १३ मेची रात्र घेऊ नये. ८ किंवा ९ मेची घ्यावी, त्याच नक्षत्र-वेळेची, त्याच गाळणीची.